आईला घेऊन देवकुंड : हिवाळ्यातल्या एका दिवसाचा उलटा हिशोब

ताम्हिणी घाटाच्या पायथ्याला, रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावाच्या मागच्या रानात देवकुंड हा धबधबा आहे. पावसाळ्यात तिथे जाऊ नये. गेली काही वर्षं पाऊस लागला की प्रशासन मनाईचा आदेश काढतं आणि ते बरोबरच करतं, कारण वाटेतले ओढे तासाभरात चढतात आणि अलीकडचा माणूस पलीकडे अडकतो. हिवाळ्यात तेच ओढे दगडांवर पाय देत ओलांडता येतात, कातळ कोरडा असतो, झाडी अजून हिरवी असते आणि कुंडात पाणी पडत असतं. धार पावसाळ्यासारखी धो-धो नसते. पण पासष्टीची आई बरोबर असेल तर धार थोडी बारीक असलेलीच बरी.

वाट अवघड नाही, लांब आहे. भिऱ्याहून कुंडापर्यंत एका बाजूने साधारण सहा किलोमीटर. तरुण पोरं दोन-अडीच तासांत पोचतात. ब्लॉग आणि व्हिडिओंत दिलेले आकडे अशाच पोरांचे असतात, म्हणून ते इथे कामाचे नाहीत. हिवाळ्यात अडचण पाण्याची नसते, उजेडाची असते. सगळं नियोजन त्याभोवती फिरतं.

कधी जायचं

दिवाळीनंतर दोनेक आठवड्यांत वाट वाळते. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते मकरसंक्रांत हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. सह्याद्रीचा काळा दगड स्वतःत फारसं पाणी धरत नाही. भेगांमधून आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यांमधून जेवढं मुरलं, तेवढंच पुढचे काही महिने झिरपत राहतं. वर माती आणि रान शाबूत असेल तर हे झिरपणं जास्त टिकतं. देवकुंडाला वरच्या प्लस व्हॅलीतलं पाणी मिळतं. ती दरी दाट रानाची आहे, म्हणून ताम्हिणीतले रस्त्याकडेचे धबधबे कधीच आटलेले असले तरी इथे धार असते. फेब्रुवारीत ती बारीक होत जाते. मार्चनंतर तर नावच काढू नका. याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.

मुंबईकडून येणारे एका गोष्टीत हमखास फसतात. कोलाडला कुंडलिका नदी भर हिवाळ्यातही दुथडी वाहताना दिसते, राफ्टिंग चालू असतं, आणि वाटतं की धबधबाही जोरात असेल. कुंडलिकेतलं ते पाणी धबधब्याचं नाही, मुळशीचं आहे. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज झाली की कुंडलिकेत सोडलं जातं. १९२७ पासून हे चालू आहे. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी असं पश्चिमेला कोकणात उतरवलं गेलं. त्या धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. भिऱ्यात उतरून डोंगरावरचे ते जाड नळ दिसले की आईला हे सांगा. आमच्याकडे तरी परतीच्या वाटेवर सगळी चर्चा धबधब्यापेक्षा याच विषयाची झाली. मुद्दा एवढाच की कोलाडच्या पाण्यावरून देवकुंडाचा अंदाज बांधू नका. भिऱ्यातल्या कोणाला तरी आदल्या दिवशी फोन करून विचारा.

अवकाळी पावसावरही लक्ष ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाने मुंबई-कोकणात ऐन थंडीत पाऊस पाडला होता. असा पाऊस झाला तर पुढचे दोन-तीन दिवस सोडून द्या. वाळलेल्या शेवाळाला पुन्हा ओल लागली की कातळ पावसाळ्याइतकाच निसरडा होतो.

आता वार. शनिवार-रविवार नको. ओढ्याच्या एका दगडावर मागे वीस पोरं रांगेत उभी असली की आई घाई करते आणि घाईत पाय चुकतो. मंगळवार-बुधवार उत्तम. गुरुवार ठरवण्याआधी कालनिर्णय बघा, कारण डिसेंबरात मार्गशीर्ष असतो आणि बऱ्याच घरांत आईचा गुरुवारचा उपवास असतो. संकष्टीही बघून घ्या. चंद्रोदयापर्यंत काही न खाता बारा किलोमीटर चालायला ती तयार होईल, पण तुम्ही होऊ नका.

आधीचा महिना

देवकुंडासाठी दम फार लागत नाही, गुडघे लागतात. त्यामुळे सराव चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त करायचा. रोज इमारतीचे तीन-चार मजले चढून लिफ्टने खाली येण्यापेक्षा चढून उतरायचंही. आठवड्यातून दोनदा तासभर सलग चालणं, पुण्यात असाल तर पर्वती किंवा वेताळ टेकडी, मुंबईत असाल तर राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत. चालताना आई तुमच्याशी पूर्ण वाक्यात बोलू शकली पाहिजे. वाक्यं तुटायला लागली की वेग जास्त आहे.

जाण्याच्या आठवडा-दहा दिवस आधी एक मोठी परीक्षा घ्या. पुणेकरांसाठी सिंहगडची आतकरवाडीची पायवाट चांगली. कितीही थांबत चढू दे, वर पिठलं-भाकरी, दही खाऊ दे, पण उतरायचं पायीच. सिंहगडाचा चढ देवकुंडापेक्षा कितीतरी जास्त आहे, लांबी कमी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई जिना सरळ उतरली तर देवकुंड होईल. कठडा धरून आडवी-आडवी उतरली तर अजून महिनाभर थांबा, संक्रांतीपर्यंत वेळ आहे.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारा. "ट्रेकला नेऊ का" असं विचारलंत तर "जपून न्या" असं उत्तर मिळेल आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं ते असं : सहा-सात तास चालणं आहे, ऊन आहे, त्या दिवशी सकाळची गोळी कितीला घ्यायची? लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर त्या दिवशी काय करायचं? साखर उतरली तर लगेच काय द्यायचं? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी बरोबर ठेवा. गोळ्यांमध्ये आपल्या मनाने फेरफार करू नका.

उलटा हिशोब

बहुतेक जण सकाळपासून हिशोब मांडतात, किती वाजता निघू म्हणजे किती वाजता पोचू. हिवाळ्यात संध्याकाळपासून मांडायचा. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच अंधारतं. म्हणून साडेचारला गावात परत, हा आकडा पक्का धरा. त्याच्यामागे परतीचे तीन तास, म्हणजे दीडला कुंडावरून निघायचं. कुंडावर एक तास, म्हणजे साडेबाराला पोचायचं. चढायला साडेतीन तास, म्हणजे नऊला गावातून पाऊल उचलायचं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा : पाऊण. दुपारी पाऊण वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. कुंड दहा मिनिटांवर आहे असं वाटाड्या म्हणाला तरी. वाटाड्याची दहा मिनिटं वेगळी असतात. हा नियम घरीच, आदल्या रात्री, आईच्या समोर बोलून ठरवा. रानात ठरवायला गेलात तर "एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य जिंकतं, आणि ते वाक्य बहुधा आईच म्हणते.

नऊला चालायला सुरुवात म्हणजे पुण्याहून पाचला निघायला हवं. पौड, मुळशी, ताम्हिणी, घाट उतरून विळे-भागाड आणि तिथून भिरा. रस्ता अडीच-तीन तासांचा, पण मुळशीच्या जलाशयाकाठी थंडीत सकाळी दाट धुकं असतं, तिथे हळू जावं लागतं. आईला गाडी लागत असेल तर पुढच्या सीटवर बसवा, निघताना पोटभर चहा-खारी नको, आलेपाकाची वडी तोंडात धरायला द्या. नाश्ता घाट उतरल्यावर करा. मुंबईकरांनी एका दिवसात जाऊन-येऊन करायच्या फंदात पडू नये. पनवेल, कोलाड, सुतारवाडी करत भिऱ्याला यायला तीन-चार तास सहज लागतात. आदल्या रात्री कोलाड किंवा भिरा परिसरात मुक्काम करा. रेल्वेने येणार असाल तर कोलाड आणि माणगाव ही कोकण रेल्वेची स्थानकं जवळची, पुढे रिक्षा किंवा जीप ठरवावी लागते.

काही गट अंधारबनची जंगलवाट आणि देवकुंड एका दमात करतात. पिंप्रीहून हिरडीमार्गे भिऱ्याला उतरायचं आणि तिथून कुंड. आईबरोबर हा विचारही नको. अंधारबन हिवाळ्यात सुंदर असतं, त्याला वेगळा दिवस द्या.

अंगावर काय, पाठीवर काय

बूट नवे नकोत. महिनाभर सरावात वापरलेले, खोल नक्षीच्या तळाचे हवेत. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेत आणि स्वस्तही आहेत. अर्धा नंबर मोठे घ्या, नाहीतर उतारावर अंगठ्याची नखं काळीनिळी होतात. आदल्या रात्री नखं कापायला सांगा. सांगायला विचित्र वाटेल, पण सांगा.

सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट, पूर्ण बाह्या. कारण थंडी नाही. कोकणात पहाटे गारवा असला तरी अकरानंतर घामच येतो. कारण खाजकुयली. डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंगा वाळतात आणि तपकिरी मखमली लव वाऱ्याने उडते. अंगाला लागली तर आग होते आणि चोळली तर ती पसरते. म्हणून चोळायचं नाही, चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचलायची, मग पाण्याने धुवायचं. चिकटपट्टीचं छोटं रीळ पिशवीत टाका. गावात यावर शेण लावतात. कातडी सोललेली असेल तर ते लावू नका.

दोन काठ्या, एक नाही. उतारावर दोन काठ्यांनी गुडघ्यांवरचा भार जाणवण्याइतका कमी होतो. विकतच्या फोल्डिंगच्या असतील तर सरावातच त्यांची सवय करून घ्या. नी-कॅप लावायची असेल तर ती सुरुवातीपासून नको. दिवसभर घट्ट बांधलेली नी-कॅप काचते. परतीच्या उतरणीला लावा.

बाकीचं पटकन सांगतो. माणशी दोन-अडीच लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, डोक्याला टोपी, प्रत्येकाला स्वतंत्र बॅटरी (मोबाइलचा दिवा ही बॅटरी नव्हे), क्रेप बँडेज, आईच्या नेहमीच्या गोळ्या एका दिवसापेक्षा जास्त, सुके मोजे, एक टॉवेल, शिट्टी. पाणी आणि जड सामान तुमच्या पाठीवर. आईच्या पाठीवर लहान पिशवी असू द्या, त्यात अर्धा लिटरची बाटली आणि खाऊ. हे ओझं कमी करण्यासाठी नाही. दर वेळी "पाणी दे" म्हणायला तिला संकोच वाटतो, म्हणून ती पाणी पीतच नाही.

आणि संकोचाचं दुसरं कारण त्याहून खरं आहे : लघवीला कुठे जायचं. आपल्याकडच्या बायका प्रवासात, देवदर्शनाला, लग्नाला जाताना सकाळपासून पाणी तोडतात, आणि मुलांना ते आयुष्यभर कळत नाही. ट्रेकला असं केलं तर डोकं दुखणं, पायात गोळे, चक्कर हे ठरलेलं. म्हणून हा विषय तुम्हीच काढा, आडवळणाने नको. गावात नाश्ता ज्यांच्याकडे कराल त्यांच्याकडे आधी सोय आहे का विचारा. वाटाड्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा की मध्ये दोन-तीनदा थांबायचं आहे, तेव्हा तू पुढच्या वळणापर्यंत चालत राहा. ओढणी किंवा हलकी चादर आडोशाला. जागा वाटेपासून आणि पाण्यापासून लांब, आणि गवतात शिरण्याआधी काठी आपटून घ्यायची. टिश्यू वापरला तर कॅरीबॅगेत घालून परत आणा. बरोबर बहीण किंवा बायको असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

अत्तर, सेंट, सुगंधी तेल आणि गजरा घरी. त्याचं कारण पुढे येतं आहे.

गावातून निघताना

वाटाड्या घ्याच. बऱ्याचदा गावाकडून तो बंधनकारकही असतो, प्रवेशाचं शुल्कही असतं. पावती मागून घ्या. वाट मळलेली आहे, पण ढोरवाटा अनेक फुटतात, आणि चुकीच्या ढोरवाटेवरचा अर्धा तास उलट्या हिशोबात परवडत नाही. वाटाड्या तरुण असेल तर त्याला आधीच सांगा की वेग आई ठरवणार. त्याला दादा म्हणा, आईची ओळख करून द्या, आणि तिला त्याच्याशी बोलू द्या. थोड्या वेळात ती त्याच्या घरची सगळी माहिती काढेल आणि मग तो तिला हात धरून ओढा पार करून देईल. तुमचा हात ती झटकते.

जेवणाची ऑर्डर निघण्यापूर्वी द्या, साडेचारची. तांदळाची भाकरी, पिठलं, झणझणीत रस्सा, जे ठरेल ते. या दिवसांत रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, बटाटे भरून ते उलटं ठेवून भोवती जाळ. कोणी लावून देत असेल तर आग्रहाने सांगा, पण ती तयार व्हायला वेळ लागतो आणि ती खाताना कोणी घड्याळ बघत नाही. मुक्काम असेल तरच.

वाट

पहिला टप्पा भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने, जवळजवळ सपाट. इथे सगळ्यांची चूक एकच : वाट सोपी आहे म्हणून भराभर चालणं. सकाळी पूर्वेच्या डोंगरभिंतीमुळे ऊन इथे उशिरा येतं, गार वाटतं, पाय आपोआप उचलले जातात. मुद्दाम हळू चाला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पहिला थांबा, तहान असो-नसो पाणी. हाच टप्पा दुपारी परतताना उघडा आणि तापलेला असतो. त्या वेळेसाठी पाण्याची एक पूर्ण बाटली राखून ठेवा, तिला हात लावायचा नाही.

मग रान लागतं. ऐन, हिरडा, जांभूळ, खाली कारवीचे काटकुळे दांडे. ओलसर मातीवर फुलपाखरं बसलेली असतात. निळ्या-काळ्या पंखांची मोठी राणी पाकोळी दिसली तर ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. वर फांद्यांत खसखस झाली तर शेकरू असेल, तो राज्यप्राणी. आई थांबून बघत असेल तर बघू द्या. अशा थांब्यांत तिचे गुडघे विसावतात आणि तिला "दमलीस का" हे ऐकावं लागत नाही.

ओढे. बूट काढून अनवाणी उतरायची आपल्याला फार हौस. काढू नका, शेवाळावर पाय सरकतो आणि बोटं दगडाच्या फटीत अडकतात. दगडावर पाय देण्याआधी काठीने दाबून बघा. डुगडुगतो आहे असं वाटलं तर सरळ पाण्यात पाय घाला, बूट भिजले तर भिजले, सुके मोजे आहेतच. पाणी घोट्याएवढं असतं, पडण्यापेक्षा भिजणं स्वस्त. काळा कोरडा कातळ बुटाला छान धरतो. हिरवट किंवा पाण्याच्या कडेने काळपट चकाकणारा पट्टा टाळा. आणि कातळावर साचलेला वाळका पाला हा हिवाळ्यातला खरा चोर. त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि पाला पायाखालून सरकतो.

शेवटचा टप्पा चढाचा, मोठे दगड, झाडांची मुळं, थोडा घसारा. चढताना वाटाड्या पुढे, मग आई, मग तुम्ही तिच्या मागे. उतरताना तुम्ही तिच्या पुढे एक पायरी खाली, थोडे बाजूला. थेट समोर उभं राहिलात तर ती घसरल्यावर दोघंही जाल. हात पुढे करू नका, खांदा द्या. हात धरला की तोल दुसऱ्याच्या हातात जातो, खांद्यावर हात ठेवला की तो तिचा तिच्याकडे राहतो. मोठ्या दगडावरून बसून उतरायला तिला लाज वाटते. तुम्ही स्वतः आधी बसून उतरा, मग तीही बसते.

"तुम्ही जाऊन या, मी बसते इथे"

हे वाक्य केव्हातरी येणारच, बहुधा शेवटच्या चढाआधी. ऐकायला समंजस वाटतं, म्हणून पोरं मान डोलावून पुढे जातात. जाऊ नका. आईला रानात एकटं बसवायचं नाही, दहा मिनिटंही नाही, आणि वाटाड्याला तिच्यापाशी ठेवून स्वतः पुढे जाणंही बरं नाही, कारण मग वाट तुम्हाला माहीत नसते.

त्या वाक्याचे अर्थ दोन. एक, ती खरंच दमली आहे. दुसरा, तिला वाटतं की तिच्यामुळे तुमचा खोळंबा होतो आहे. कुठला ते ओळखायला बसा, वीस मिनिटं, शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळाची वडी आणि ओआरएस द्या, आणि काहीतरी भलतंच बोला. चेहऱ्यावर रंग आला, ती स्वतःहून उठून काठ्या शोधायला लागली तर खोळंब्याची भीती होती. बसल्यावरही घाम थांबत नाही, बोलणं तुटक आहे, मळमळतं आहे, चिक्की नको म्हणते, तर तिथूनच परत. "आज इथपर्यंतच" एवढंच म्हणा. कारण देऊ नका, तिचं तर मुळीच नको. तुमचा पाय दुखतो आहे म्हणालात तर चालेल. या खोट्याला माझी परवानगी आहे.

कुंडापाशी

पोचलात की आधी बसा. सगळ्यांना पाण्याकडे धावायचं असतं आणि दमल्या पायांनी ओल्या दगडांवर पडणं इथेच होतं.

कुंडात उतरायचं नाही. पोहता येणारेही इथे बुडाले आहेत. मधलं पाणी खोल आहे, वरून पडणाऱ्या धारेने त्यात भोवरा तयार होतो, आणि पाणी इतकं गार असतं की अंगात शिरशिरी येऊन दम अडकतो. साठीनंतर, त्यात रक्तदाब असताना, असा अचानक गारठा नको. दोरी बांधलेली असेल तर तिच्या अलीकडे. पाय बुडवायचे तर पाणी कुंडातून बाहेर पडून पसरतं त्या उथळ जागी, दगडावर बसून. धारेच्या थेट खाली उभं राहण्याची हौस कोणीच करू नये. वरून पाण्याबरोबर दगडही येतात.

मान वर करून कड्याकडे एकदा नीट बघा. काळसर, अर्धगोल, लोंबणारे पोळ्यासारखे आकार दिसले तर ती आग्या मोहोळं. त्यांना आवाजापेक्षा वास आणि धूर खपत नाही. म्हणून ते अत्तर-गजरा घरी. इथे विडी-सिगारेट नाही, चूल नाही. माशा उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, ओढणीने डोकं-तोंड झाकून झाडीत दूर जायचं, पाण्यात उडी मारायची नाही.

जेवण इथे हलकं करा. थालीपीठ, दही-भात, गूळ-तूप-पोळीचा लाडू. पोट जड झालं की उतरण जास्त जड जाते. खरं जेवण साडेचारला आहेच. भिजलेले मोजे इथेच बदला. आणि सव्वाला उठायला सुरुवात करा. आवराआवर, शेवटचा फोटो, अजून एक शेवटचा फोटो यात पंधरा मिनिटं जातातच.

काही बिघडलं तर

कुंडाकडे मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नका. घरी कोणाला तरी सांगून जा : सहापर्यंत फोन आला नाही तर भिऱ्यातल्या अमुक माणसाला फोन कर. गावातल्या ज्या घरी जेवण सांगितलं त्यांचा नंबर त्यासाठी घ्यायचा.

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, सूज आली की परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधा, दोन काठ्या, हळूहळू खाली. मोडल्याची शंका असेल तर हलवू नका. वाटाड्या किंवा चालू शकणारा दुसरा कोणी गावात जाऊन माणसं आणेल, चादर-बांबूची डोली करून खाली आणतील. त्याला तास लागतात. पाऊण वाजताचा नियम यासाठीच होता, उजेड हातात हवा. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, गार घाम, यापैकी काहीही झालं तर चालवत आणायचं नाही. बसवा, कपडे सैल करा, माणूस धाडा. रेंज मिळताच ११२ किंवा १०८.

हिवाळ्यात साप कमी दिसतात, पण दुपारी उन्हाला तापलेल्या दगडांवर फुरसं असू शकतं. दगडाच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी बघा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मंत्र, काही नाही. तो अवयव हलवायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि लवकरात लवकर माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं.

परत आल्यावर

साडेचारला गावात पोचलात की बूट काढून पाय गार पाण्यात दहा मिनिटं. मग जेवण. सव्वापाचला निघा म्हणजे घाट उजेड संपायच्या आत चढून होतो. ताम्हिणीच्या वळणांवर दमलेल्या डोळ्यांनी रात्री गाडी चालवणं हा सगळ्या दिवसातला सर्वांत मोठा धोका ठरू शकतो. झोप येत असेल तर मुळशीला थांबून चहा घ्या. आई "मला झोप नाही आली, मी बोलत राहते तुझ्याशी" म्हणेल आणि पौडपर्यंत घोरेल.

घरी गेल्यावर आंघोळीच्या वेळी गोचिडी बघायला सांगा : कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्यामागे. वाळक्या गवतातून त्या चढतात. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चटका नको. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सांगा की रानात जाऊन आलो होतो.

पायांना तेल त्याच रात्री हलक्या हाताने, रगडून नको. खरं दुखणं दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी येतं, मांडीच्या पुढच्या बाजूला. ते स्नायूंचं असतं, दोन-तीन दिवसांत जातं, त्यात थोडं चालत राहिलेलं चांगलं. गुडघा सुजला, गरम लागला, किंवा आठवड्यानंतरही जिना उतरताना कळ आली तर मात्र डॉक्टरांकडे. आणि हे तुम्हीच विचारायचं, आठवड्याने, फोनवर नव्हे, समोर. फोनवर तिचं काहीच दुखत नसतं.